बिऱ्हाड सुभाष रोडवरचे

राहावयाचे कोठे, हा प्रश्न माणूस स्वतः सोडवितो अशी आपली एक गोड समजूत असते. वस्तुतः तो निम्मा आजोबांनी सोडवून ठेवलेला असतो. उरलेल्यात कायदा, शेजारी आणि सख्खी भावंडे यांचे हिस्से असतात. धारवाडच्या सुभाष रोडवरील आमचे जुने घर ठेवावे की विकावे या विवंचनेत आमची गेली दोन वर्षे गेली, आणि व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे हा हिशेब आम्ही जरा अधिक बारकाईने मांडला. तो या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावयास हरकत नसावी. कारवार-कुमठ्याकडून घाट चढून वर आलेल्या कित्येक आमगेल्या घराण्यांत तोच हिशेब थोड्याफार फरकाने आज चालू असणार.

घर तसे साधेच. रस्त्याच्या बाजूला एका शिंप्याचे दुकान, त्याच्या कडेने आत जाणारा बोळ, मग पडसाळ, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागे हित्तलात आता कोरडी पडलेली विहीर. पडसाळेत आमची कचेरी. बाजाराचा गलका नको म्हणून वडिलांनी देवघर माडीवर नेले होते. त्याला लागून जी खोली आहे तिला आम्ही ‘अट्ट’ म्हणतो. अट्ट म्हणजे कानडीत माळा. परंतु सुभाष रोडवर हा शब्द उच्चारला की जाणत्या माणसाला दुसराच एक माळा आठवतो: लक्ष्मी बिल्डिंगमधला, मनोहर ग्रंथमालेचा. ‘जडभरत’ या नावाने लिहिणारे नाटककार जी. बी. जोशी यांनी १९३३ साली ही प्रकाशनसंस्था काढली, आणि कानडीतले नामवंत लेखक त्या माळ्यावर जमू लागले. गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ १९६१ साली याच ग्रंथमालेने छापले. कार्नाडांची घरची भाषा कोंकणी. साधनकेरीत राहणाऱ्या द. रा. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी. ज्ञानपीठ मिळाले ते कानडी कवितेसाठी. माणसाची घरची भाषा एक आणि कीर्तीची भाषा दुसरी, याचे धारवाडात कोणाला नवल वाटत नाही.

आमचे आजोबा १९३०च्या दशकात जिल्हा न्यायालयात कारकुनीवर आले. उत्तर कन्नडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात असल्यामुळे कारवारच्या माणसाला धारवाड हे परगाव होते, परमुलूख नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आमचे बिऱ्हाड मात्र होते तेथेच राहिले. कचेऱ्यांच्या कानडीत मुंबई इलाखा अद्याप जिवंत आहे. मिळकतीचा ‘उतारा’, फेरफाराची ‘वर्दी’, हे शब्द आजही आमचा कानडी पक्षकार निःशंकपणे वापरतो, आणि बंगळुरूहून आलेला वकील त्यांचा अर्थ विचारतो.

आजोबा या घरात भाडेकरू होते. १९४७च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने आणि पुढे १९६१च्या म्हैसूरच्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले. भाडे इतके अल्प राहिले की अखेरीस मालकालाच घराचा कंटाळा आला. १९७४ साली वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातील रक्कम काढून ते विकत घेतले. भाडेकरूच्या कायद्याने ज्यांना मालक केले अशांपैकी आम्ही आहोत, आणि ही गोष्ट आमच्या शिंप्याचे दुकान रिकामे करून घेण्याची भाषा जेव्हा जेव्हा निघाली तेव्हा तेव्हा आम्हाला आठवत राहिली. त्याचे दुकान दहा फूट बाय बारा फूट आहे. कर्नाटकाच्या १९९९च्या भाडे कायद्याने धंद्याच्या जागांपैकी चौदा चौरस मीटरपर्यंतच्याच जागांना आपले छत्र ठेवले, मोठ्यांचे काढून घेतले. शिंप्याची जागा भरते अकरा चौरस मीटर आणि काही अंश. अशा रीतीने तो वाचला आहे. दुकान चार फूट अधिक रुंद असते तर त्याला नुसत्या नोटिशीने उठविता आले असते.

घर सोडण्याचा विचार मुळात उद्भवला तो उच्च न्यायालयामुळे. २००८च्या जुलैत उच्च न्यायालयाचे फिरते पीठ धारवाडास आले आणि २०१३च्या ऑगस्टात ते कायम झाले. त्यापूर्वी अपिलासाठी बंगळुरूची रात्रीची गाडी गाठावी लागे. पक्षकाराचा निम्मा पैसा रेल्वेत आणि खाणावळीत जाई. आता न्याय दाराशी आला, तरी दार जरा लांब आहे. न्यायालयाची इमारत गावाबाहेर बेळगाव रस्त्याकडे, बेलूर येथे. (होयसळांचे बेलूर नव्हे, आमच्या बेलुरात शिल्पे नाहीत, कारखाने आहेत.) सुभाष रोडच्या गर्दीतून रोज सकाळी गाडी बाहेर काढणे हा एक स्वतंत्र खटला असतो. तिकडे सपाट्याने नव्या वसाहती उठल्या आहेत, तेव्हा फाइली घेऊन तिकडेच राहावयास जावे, असे मित्रांचे म्हणणे पडले. पुण्यास स्थायिक झालेल्या आमच्या धाकट्या बंधूंचा तर आग्रहच होता. एका व्यापाऱ्याने घराची बरी किंमत सांगितली होती. अट एकच, जागा शिंप्यासह रिकामी हवी.

मग आम्ही घरे पाहू लागलो. धारवाडात घर शोधणाऱ्याला प्रथम एक नवे अंकगणित शिकावे लागते. ‘तीस-चाळीस’ म्हणजे तीस फूट बाय चाळीस फुटांचा भूखंड. माणसे वय सांगावे तसे हे आकडे सांगतात. शेतजमीन बिनशेती झाली आहे की नाही, नकाशा नगरविकास प्राधिकरणाने मंजूर केला आहे की दलालाच्या खिशातच तयार झाला आहे, हे पाहिल्यावाचून विसार देऊ नये. विकत घेणे झेपत नसेल तर भाडे, आणि भाडे झेपत नसेल तर ‘भोग्य’. हा प्रकार घाटाखालच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. भोग्यात मालकाला एकदम काही लाखांची रक्कम द्यावयाची, दोन-तीन वर्षे बिनभाड्याने राहावयाचे, आणि जाताना रक्कम जशीच्या तशी परत घ्यावयाची. मालकाला बिनव्याजी भांडवल मिळते, राहणाराला दरमहाची काळजी नाही. ऐकावयास गोड. कायद्याने हे गहाणखत आहे व त्याची नोंदणी व्हावयास हवी. प्रत्यक्षात ते साध्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांच्या सहीने उरकले जाते. तेच घर मालकाने आधी बँकेला तारण दिलेले असले आणि हप्ते थकले, तर २००२च्या कायद्याखाली बँक दिवाणी दावा न लावताच घराचा ताबा घेते. मग भोग्यवाले कुटुंब सामानासह रस्त्यावर येते, आणि रस्त्यावरून आमच्या पडसाळेत. त्यांना धीर देण्यापलीकडे फार थोडे करता येते. भोग्य घ्यावयाचे असेल तर रक्कम देण्यापूर्वी बोजाचा दाखला काढावा आणि लेख नोंदवून घ्यावा, एवढे तरी वाचकांनी या लेखातून घेऊन जावे.

पाण्याचा प्रश्न याहून जुना. २००८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या योजनेखाली हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथील काही भागांना अहोरात्र पाणी मिळू लागले. बाकीच्यांनी ते वर्तमानपत्रात वाचले. आमच्या ओणीत कित्येक वर्षे पाच-सहा दिवसांआड पाणी येत आले आहे. ‘नळा बंतु!’ अशी हाक उठली की न्यायाधीश असो वा पानवाला, हातातले काम टाकून पिंपाकडे धावतो. नव्या वसाहतीतील दलाल भूखंडाच्या चतुःसीमा सांगतो, मुहूर्त सांगतो. पाणी कोठून येते असे विचारले की बोअरवेलकडे बोट दाखवितो. ती किती खोल आहे हे विचारले तर आभाळाकडे पाहतो.

उंच इमारतींतील सदनिकाही पाहिल्या. परंतु १९ मार्च २०१९ रोजी कुमारेश्वर नगरातील बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि एकोणीस माणसे गेली, तेव्हापासून नव्या इमारतीत पाऊल टाकताना आमच्या मातोश्री भिंतीवर हात थोपटून पाहतात. मातीच्या भिंतींच्या घरात आयुष्य घालविलेल्या या बाईला काँक्रीटचा भरवसा वाटत नाही, आणि हा केवळ वार्धक्याचा हट्ट आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

एक सदनिका मात्र तिलाही पसंत पडली. स्वयंपाकघरात ऊन येत होते, खाली तुळशीला जागा होती. मालक सज्जन. त्यांनी चहा दिला, आमच्या वडिलांची आठवण काढली, आणि मग या प्रांतात घर घेताना-देताना जो प्रश्न विचारल्यावाचून व्यवहार पुढे सरकत नाही तो अगदी सौम्यपणे विचारला: ‘नीवु याव मंदि?’ तुम्ही कोणती माणसे? आम्ही सांगितले. चेहरा उजळला, ब्राह्मण म्हणजे उत्तमच. मग क्षणभराने काही स्मरल्यासारखे होऊन ते म्हणाले, ‘पण तुम्ही लोक मासे...?’ सोमवार-एकादशी सोडून, असे आम्मांनीच उत्तर दिले. चहा संपला. सदनिका दुसऱ्या एका कुटुंबाला आधीच शब्द दिलेली होती, असे दोन दिवसांनी कळले.

वाचकहो, हा अनुभव आपल्या समाजात कोणाला नवा असेल असे वाटत नाही. दाळितोयाच्या फोडणीवर कोणी आक्षेप घेत नाही, हुमणाच्या वासावर मात्र भाडेपट्टा मोडतो. यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी एक उत्तर काढले होते, ते आपली स्वतंत्र वसाहत करण्याचे. श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था उभारली, जी पुढे बँक झाली. आणि १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहसंस्था. मुंबईतील सहकारी गृहसंस्थांचा आरंभ तेथून मोजतात. प्लेगने आणि चाळींच्या दाटीने गांजलेल्या त्या शहरात, मोठी मिळकत नसलेल्या कारकुनांनी भाग घेऊन, स्वतःच मालक व स्वतःच भाडेकरू होऊन हवेशीर घरे बांधावी, ही कल्पना त्या काळी सामान्य नव्हती. ताडदेवच्या तल्मकीवाडीचे नाव आजही त्यांची आठवण देते. आमच्या धारवाडातही सारस्वतपूर आहे. नावातच पत्ता आणि पंगत दोन्ही येतात. तल्मकींविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि कोणी सहकाराचा इतिहास सांगू लागला की त्यांचे नाव वगळलेले आम्हाला खपत नाही.

परंतु वकिलाला नाण्याची मागील बाजू पाहण्याची खोड असते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेचे प्रकरण आले. संस्थेच्या पोटनियमांत सभासद पारशीच असावा असे होते. एका सभासदाला आपली जागा बाहेरच्याला विकावयाची होती. न्यायालयाने पोटनियम उचलून धरला. संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, त्यात संघात कोणाला घ्यावयाचे हेही आले, असा त्याचा आशय. निकाल वाचून पुष्कळांना समाधान झाले. आम्ही तो वाचला तेव्हा एवढेच मनात आले की, आम्हाला सदनिका नाकारणारे ते सज्जन गृहस्थही याच निकालाच्या सावलीत निर्धास्त बसू शकतील. घटनेचे पंधरावे कलम सरकारला भेदभाव करू देत नाही. खाजगी घरमालकाच्या उंबरठ्याशी त्याचा हात थांबतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहावयास मज्जाव केला तर १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. पण कारण सांगून नाकारील इतका भोळा घरमालक आता उरला नाही. तो चहा देतो आणि शब्द आधीच दिलेला होता असे कळवितो.

या संदर्भात आम्हाला आपल्या दैवतांची आठवण होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. खाडी ओलांडली, रातोरात मूर्ती हलविल्या, असे आपण उत्सवात भक्तिभावाने सांगतो. ज्या अंत्रूजात ते आले ती भूमी तेव्हा आदिलशाहीत होती, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. आपली दैवते परक्याच्या राज्यात, परक्या गावात येऊन राहिली आणि तेथलीच झाली. आज कवळ्याला गेलेला भक्त केळशीची चौकशी करीत नाही. कुळाच्या मूळ गावाचा एवढा अभिमान बाळगणारे आपण, आपले देवच चारशे वर्षांपूर्वी बिऱ्हाड करून राहिले ही गोष्ट कशी काय विसरतो, कोण जाणे.

असो. घराचा निकाल अखेर आमच्या भगिनीने लावला. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते आणि घर त्यांच्या स्वकष्टाचे. त्यामुळे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने आई, आम्ही दोघे बंधू व भगिनी असे चार समान हिस्से. पूर्वी या कायद्याला तेविसावे कलम होते: राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मुलीला नव्हता, भाऊ वेगळे होईपर्यंत तिने थांबावे. २००५च्या दुरुस्तीने ते कलम गेले. रूढी मात्र गेली नाही. बहिणीला साडीचोळी करावयाची, जेवू घालावयाचे आणि पानसुपारीच्या तबकाशेजारी हक्कसोडपत्र ठेवावयाचे, हा सोहळा अनेक प्रतिष्ठित घरांत होतो. अशा कागदांचे मसुदे करून द्या म्हणून येणाऱ्यांना आम्ही प्रथम बहिणीला घेऊन येण्यास सांगतो, आणि बरेच जण परत येत नाहीत.

आमच्या अक्का कारवारला असतात. बंधूंनी विक्रीचा कागद पाठविला, त्यावर त्यांनी सही केली नाही. हिश्श्याचे पैसेही नकोत, हक्कसोडही करणार नाही, असे त्यांनी कळविले. ‘पैसे बँकेत राहतात, मी बँकेत माहेरपणाला जाऊ का?’ हे त्यांचे वाक्य. बंधू रागावले. कायद्याने त्यांना वाटणीचा दावा लावता आला असता. आणि चार भिंतींचे चार हिस्से पडत नसल्याने न्यायालयाने १८९३च्या वाटणी कायद्याखाली लिलावाचा मार्ग दाखविला असता. हे आम्ही त्यांना पत्राने समजावून दिले, खर्चाच्या अंदाजासह. त्यांनी दावा लावला नाही. त्यांचा आमच्याशी अबोला मात्र अजून आहे. दिवाळीला फोन येतो तो आम्मांना, आणि आम्ही खोलीत असलो तर त्या फोन घेऊन हित्तलात जातात. घर राखण्याची ही किंमत आहे, आणि ती लहान नाही.

घर राहिले, तेव्हा ते नीट ठेवावयाचा खर्च आला. कौले उतरवून पुन्हा चढविली, वाशांना तेल दिले. तो भरून काढण्यासाठी अट्टाची खोली भाड्याने द्यावी असे ठरले. उच्च न्यायालयामुळे अशा खोल्यांना मागणी फार. कोप्पळ, गदग, बळ्ळारीकडून तरुण वकील मंडळी येतात आणि महिनोन्‌महिने खोली शोधतात. आमच्याकडे आली ती कोप्पळकडची एक मुलगी. सनद घेऊन दोन वर्षे झालेली. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली आणि खोली पाहण्यापूर्वीच म्हणाली, ‘सर, आधीच सांगते. मी दलित आहे, मांस खाते, आणि एकटी राहते. सात घरे झाली. तुमचा आणि माझा वेळ जायला नको.’ न्यायालयात पुरशिस सादर करावी तसा तिचा स्वर होता.

आमची संमती होती. पण खोली देवघराला लागून, आणि देवघर आम्मांचे. त्यांचे वय शहात्तर. त्या काय म्हणतील याची आम्हाला खरोखरच खात्री नव्हती, आणि त्यांना डावलून होकार देणे आमच्याच्याने झाले नसते. आम्मांनी मुलीला वर नेले, खोली दाखविली, पावसात खिडकीची कडी कशी घालावी ते सांगितले. खाली आल्यावर म्हणाल्या, ‘मागीर पळोवया.’ मग बघू. या दोन शब्दांवर आमच्या घरातले कित्येक विषय कायमचे थांबलेले आहेत.

तीन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावून घेतले. खोलीतला चुलीचा ओटा देवघराच्या भिंतीला होता. तो समोरच्या, रस्त्याकडच्या भिंतीला न्यावयास किती पडतील ते विचारले. खर्च घराने करावयाचा. आम्हाला हे पुरते पटले नाही. भिंत भिंतच असते, आणि आपल्या स्वयंपाकघरातले हुमण देवाला जर सोसते तर दुसरीच्या चुलीने काय होणार, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, तुला कायदा कळतो, मला माझा देव कळतो. मी एक पाऊल आले आहे, दुसरे मागू नकोस.

मुलीला आम्ही ते जसेच्या तसे सांगितले. लपवून ठेवणे योग्य नव्हते. ती थोडा वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, ‘ओटा हलवा. रस्त्याकडे उजेडही जास्त आहे. पण करारात लिहू नका.’

करार अकरा महिन्यांचा केला. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते म्हणून सगळा देश अकरा महिन्यांनीच राहतो. आमच्याकडील छापील नमुन्यात आहाराविषयी एक कलम असते. ते टंकलेखकाकडून गाळून घेतले. भाडे, वीज, दोन महिन्यांची आगाऊ सूचना, बस्स. गुरुवारी ती सामान घेऊन आली, एक ट्रंक, एक गादी आणि पुस्तकांची चार खोकी. योगायोगाने त्या दिवशी पाणी आले. शिंप्याने दुकानातून हाक दिली, आणि आम्मांनी जिन्याखालून तिला सांगितले की, निळे पिंप प्यावयाचे, काळे वापरावयाचे, आणि भरून झाल्यावर झाकणावर दगड ठेवावयाचा, कारण माकडे येतात.